वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी पुस्तक शोधणाऱ्याला अध्यापनाच्या नियोजनात घ्या : शिक्षण आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त (शिक्षण), महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे

महोदय,

सविनय नमस्कार.

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत ग्रंथपाल आहे. शाळा तालुक्याच्या गावी, कालव्याखालच्या ऊसपट्ट्यात आहे आणि तिथे पाचवी ते दहावीचे वर्ग भरतात. हे पत्र एका मागणीसाठी लिहीत आहे. वर्गातील प्रत्येक मुलाच्या गरजेनुसार शिकवावे, असा आग्रह आपल्या विभागाने गेली काही वर्षे धरला आहे. त्या कामात शाळेच्या ग्रंथपालाला अधिकृतपणे सामील करून घ्यावे, त्याला शिक्षकांबरोबर प्रशिक्षण द्यावे, आणि ज्या शाळांत ग्रंथपालाचे पदच नाही त्यांच्यासाठी निदान केंद्रस्तरावर, म्हणजे दहा-बारा शाळांच्या गटासाठी, ते निर्माण करावे, एवढीच ती मागणी आहे.

पाचवीला आमच्याकडे येणारी मुले आसपासच्या अनेक प्राथमिक शाळांतून येतात. काही वर्तमानपत्र सहज वाचतात, काही जोडाक्षर आले की थांबतात, आणि काहींना काना-मात्रा-वेलांटीसकट एक सलग ओळ वाचणेही अजून जमत नाही. हे आमच्याच तालुक्याचे दुखणे नाही. मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातील पाचवीच्या जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. उरलेली मुले पुढच्या वर्षी सहावीत जातात, मग सातवीत, आणि त्यांच्या हातात पडणारे इतिहासाचे, भूगोलाचे, विज्ञानाचे पुस्तक मात्र ती वाचू शकतात असे गृहीत धरूनच लिहिलेले असते. त्याच वर्गात असेही एखादे मूल असते ज्याने ते पुस्तक जूनमध्येच वाचून संपवलेले आहे. त्या मुलाचा विचार आपण जवळजवळ करतच नाही, कारण ते कुणाला अडचणीत आणत नाही.

अशा वर्गाला शिकवण्याच्या पद्धतीला प्रशिक्षणात विभेदित अध्यापन म्हणतात. या विषयावर दीर्घकाळ काम केलेल्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ कॅरल अ‍ॅन टॉमलिन्सन यांची मांडणी आपल्या प्रशिक्षकांना परिचित आहे: मुलाची तयारी, त्याची आवड आणि त्याची शिकण्याची रीत पाहून शिक्षकाने आशय, प्रक्रिया आणि मुलाने शेवटी करून दाखवायचे काम यांत फरक करावा. हे शिक्षकांना पटते. माझ्या शाळेतील शिक्षकांनाही पटले. पण प्रशिक्षणाहून परतलेल्या शिक्षकाच्या हातात साहित्य कोणते असते? सगळ्यांसाठी एकच पाठ्यपुस्तक. गट पाडता येतात, प्रश्न बदलता येतात, सोप्या शब्दांत सांगता येते. परंतु एकाच विषयावर चार वेगवेगळ्या पातळ्यांचा मजकूर शिक्षकाने रोज, प्रत्येक तासासाठी, स्वतः कुठून आणायचा, याचे उत्तर त्या प्रशिक्षणात मिळत नाही. ते उत्तर शाळेच्याच इमारतीत, बहुधा जिन्याखालच्या किंवा प्रयोगशाळेशेजारच्या एका खोलीत असते, आणि त्या खोलीची जबाबदारी असलेल्या माणसाला प्रशिक्षणाचे बोलावणे येत नाही.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते एका पाठावरून सांगते. सातवीच्या भूगोलात मृदेचा पाठ होता. भूगोलाच्या बाईंनी आठ दिवस आधी मला सांगितले की हा पाठ त्या ग्रंथालयात घेणार आहेत. मी टेबलावर जे मांडले त्यात गांडुळावरचे, पानाला दोन-तीन ओळी आणि मोठी चित्रे असलेले एक पुस्तक होते. एका बालमासिकातील सचित्र लेख होता. कृषी विभागाच्या मराठी घडीपत्रिका होत्या. मराठी विश्वकोशातील मृदेविषयीच्या नोंदीची छापील प्रत होती. शिवाय ज्या मुलांच्या घरी मृदा आरोग्य पत्रिका होती त्यांना ती आणायला सांगितले होते. ही पत्रिका म्हणजे माती तपासून शेतकऱ्याला दिलेला कागद. त्यात जमिनीचा सामू (पीएच), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश यांचे आकडे असतात. आमच्या भागात ती बहुतेकदा पिशवीत, रेशनकार्डाच्या खाली पडून असते.

एक मुलगा, जो वर्गात मोठ्याने वाचायची पाळी आली की मान खाली घालतो, घरून ती पत्रिका घेऊन आला होता. त्याला त्यातले शब्द सलग वाचता येत नव्हते. पण सामूसमोरचा आकडा पाहून बाईंनी विचारले, तेव्हा त्याने सांगितले की त्यांचे कालव्याकडचे रान चोपण झाले आहे, पावसाचे पाणी तिथे मुरत नाही, आणि वाळले की माती दगडासारखी होते, कुदळ लागत नाही. तो हे बोलत असताना विश्वकोशाची नोंद वाचणारी मुलगी तिच्या कागदावर नेमका तोच भाग शोधत होती. जास्त पाण्याने जमीन का बिघडते याचे कारण तिने वाचून सांगितले आणि जमीन कशी बिघडते हे त्याने पाहिलेले होते. नंतर त्याने घडीपत्रिकेतील निचऱ्याविषयीचा परिच्छेद माझ्यापाशी बसून, बोट ठेवून, शब्द-शब्द लावत वाचला. त्या एका तासाने त्याचे वाचन सुधारले असा माझा दावा नाही. वाचावेसे वाटण्याचे कारण त्याला मिळाले, आणि ते कारण पुढच्या आठवड्यातही टिकवण्यासाठी त्याच्या हाती पुढचे पुस्तक कोणते द्यायचे हे ठरवणे माझे काम होते.

हे काम शिक्षक एकटा करू शकत नाही, आणि ते त्याच्या माथी मारणेही न्याय्य नाही. भूगोलाच्या शिक्षकाला भूगोल ठाऊक असतो, वर्ग ठाऊक असतो. कोणत्या कपाटात कोणते पुस्तक आहे, ते कोणाला पेलेल, कोणत्या पुस्तकातली चित्रे बोलकी आहेत आणि कोणत्यात ती नुसती जागा भरायला घातली आहेत, हे रोज पुस्तके हाताळणाऱ्यालाच कळते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी दुसरे सूत्र ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ असे आहे. आम्हाला ग्रंथालयशास्त्राच्या पदविकेत ते शिकवले जाते, परीक्षेत त्यावर प्रश्नही येतो, आणि नोकरी लागल्यावर आमच्याकडून दाखल नोंदवही, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांची यादी, अद्ययावत ठेवण्यापलीकडे फारशी अपेक्षा केली जात नाही.

नोंदवहीचा विषय निघालाच आहे, तर कोणी कोणते पुस्तक नेले आणि परत केले हे लिहिण्याच्या देवघेव नोंदवहीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण मुलांची पातळी ओळखण्याच्या सगळ्या साधनांत तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. पायाभूत चाचणी आणि संकलित मूल्यमापन मुलाला काय येत नाही ते सांगतात. देवघेव नोंदवही मुलाला काय हवे आहे ते सांगते. जाडजूड चरित्र नेऊन दुसऱ्या दिवशी परत करणारे मूल बहुधा मित्रासमोर लाज राखण्यासाठी ते नेत असते. एकच पातळ पुस्तक दर महिन्याला पुन्हा नेणाऱ्या मुलीला ते पुस्तक आता येऊ लागलेले असते आणि येऊ लागल्याचा आनंद तिला सोडवत नाही. तिला त्याच्यापेक्षा थोडेसेच कठीण, त्याच धर्तीचे दुसरे पुस्तक द्यायला हवे. क्रिकेटवरचे काहीही नेणारा मुलगा सरासरीचे गणित क्रिकेटच्या धावफलकावरून शिकेल, हे गणिताच्या सरांना सांगणारा कोणीतरी हवा. ही सगळी माहिती आमच्या टेबलावर रोज जमा होते, आणि महिन्याच्या शेवटी ‘इतकी पुस्तके वाटप’ एवढ्या एका आकड्यात तिचा निकाल लागतो. वर्गशिक्षक आणि ग्रंथपाल यांनी महिन्यातून एकदा अर्धा तास ही नोंदवही समोर ठेवून बसावे, एवढी सूचना आपल्या परिपत्रकातून आली तरी पुष्कळ काम होईल.

मोठ्या मुलांच्या मानाचा प्रश्नही इथेच येतो. ज्या मुलाला सातवीत दुसरीच्या पातळीचे वाचता येते, त्याला दुसरीचे पुस्तक देणे हा उपाय कागदावर बरोबर दिसतो. पण मुखपृष्ठावर ‘इयत्ता दुसरीसाठी’ असे छापलेले, ससा-कासवाचे पुस्तक तेरा वर्षांचा मुलगा चारचौघांत हातात धरत नाही. त्याला त्याच्या वयाचा विषय हवा असतो: मोटारसायकल, कुस्ती, विहीर खोदणे, पोलीस भरती, साप. भाषा मात्र सोपी, वाक्ये छोटी, टंक मोठा. अशी पुस्तके मराठीत फार कमी आहेत. बालभारतीने या कामाकडे लक्ष द्यावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. १९७१ पासून ‘किशोर’ चालवणाऱ्या आणि त्याचे जुने अंक सर्वांसाठी विनामूल्य खुले करणाऱ्या संस्थेला ते अवघड नाही. तोवर जे आहे त्यातून निवड करावी लागते. काही ठिकाणी पुस्तकांना पातळीप्रमाणे लाल, पिवळ्या, हिरव्या चिठ्ठ्या लावण्याची पद्धत आहे. लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, तरीही मला ती पसंत नाही, कारण आठवड्याभरात मुले एकमेकांना रंगाने ओळखू लागतात. एकाच विषयाची सोपी-कठीण पुस्तके एकाच फळीवर शेजारी-शेजारी ठेवावीत आणि कोणते कोणासाठी याची खूणगाठ ग्रंथपालाने स्वतःच्या मनात बांधावी.

भाषेचा प्रश्न आमच्या तालुक्यात मर्यादित आहे. गळिताच्या हंगामात ऊसतोड कुटुंबांबरोबर येणारी आणि हंगाम संपताच जाणारी मुले सोडली तर बहुतेकांची घरची बोली मराठीच आहे. पण धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू मुलाची घरची भाषा मराठीच्या कुळातलीही नाही, भामरागडच्या माडिया मुलाचीही नाही. नंदुरबारच्या भिलोरी-पावरी बोलणाऱ्या मुलाला मराठी जवळची वाटली तरी पाठ्यपुस्तकाची मराठी दूरची असते. त्या शाळांत द्वैभाषिक पुस्तके, मुलांनी सांगितलेल्या आणि शिक्षकांनी उतरवून घेतलेल्या गोष्टींची हस्तलिखिते, आजी-आजोबांच्या आवाजातील ध्वनिमुद्रणे हे ग्रंथालयाचे खरे भांडवल ठरेल. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतील, त्यांत आदिवासी भाषाही आल्या, चित्रमय गोष्टी चार वाचनपातळ्यांत, खुल्या परवान्याने उपलब्ध आहेत, त्या उतरवून, छापून शाळेत वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. हे माहीत असणे आणि छापून, शिवून मुलाच्या हातात देणे, यांत जे अंतर आहे ते भरून काढायला नेमलेला माणूस लागतो.

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे अंतर अधिक बोचते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही समावेश केला. अशा मुलांना मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. परीक्षेच्या आधीच्या दहा वर्षांत त्या मुलाने वाचायचे काय आणि कसे, याची व्यवस्था मात्र शाळेत नसते. देवनागरी वाचताना डोळ्यांना अक्षराच्या वर, खाली, मागे, पुढे फिरावे लागते. ‘कि’मधली वेलांटी कागदावर आधी दिसते आणि तोंडात नंतर येते. ज्या मुलाला अक्षरांचा क्रम लावतानाच त्रास होतो त्याच्यासाठी दाट छपाईचे पान फार कष्टाचे असते. ओळींत जास्त अंतर, मोठा टंक, सोबत ऐकायला ध्वनिमुद्रण, एवढ्यानेही त्याचा बराच भार हलका होतो. दृष्टिहीन आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या वाचकांसाठी केंद्र सरकारचे ‘सुगम्य पुस्तकालय’ २०१६ पासून सुरू आहे. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपला प्रताधिकार कायदा अशा वाचकांसाठी पुस्तकाचे सुलभ स्वरूपात रूपांतर करू देतो. म्हणजे पाठ्यपुस्तकाबाहेरचे पुस्तकही शाळा अशा मुलासाठी ध्वनिमुद्रित करून देऊ शकते. शाळेत कोणी हे केले नाही, तर त्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते की हे कोणाचे काम आहे ते कुठेच लिहिलेले नाही.

आता नियमांकडे वळते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय असावे, असे म्हटले आहे. त्याच अनुसूचीत सहावी ते आठवीचा पट शंभराहून अधिक असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. ग्रंथालय चालवणाऱ्याचा उल्लेख नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ग्रंथालय कर्मचाऱ्यांची पुरेशी पदे आणि त्यांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास यांची शिफारस केली, परंतु ती प्रौढशिक्षणाच्या प्रकरणात आल्यामुळे शालेय विभागात तिची चर्चा कमीच झाली. आपल्या राज्यात माध्यमिक शाळांतील ग्रंथपालाचे पद पटसंख्येवर ठरते आणि ते शिक्षकेतर आकृतिबंधात, म्हणजे शिक्षकांव्यतिरिक्त कर्मचाऱ्यांच्या पदरचनेत, मोडते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत, म्हणजे जिथे वाचन शिकायचे असते तिथेच, हे पद मुळातच नाही. जिथे पद आहे तिथेही गैरहजर शिक्षकाचा तास सांभाळणे, ऑनलाइन माहिती भरणे, परीक्षेची आसनव्यवस्था लावणे यांत ग्रंथपालाचा दिवस जातो. ही कामे कोणीतरी करायची असतातच, त्याबद्दल माझी मुख्याध्यापकांविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती आमचे मूळ काम कोठेही लेखी नसल्याबद्दल.

पैशाचा मुद्दा येईल हे मला ठाऊक आहे, म्हणून आधी बिनपैशाच्या गोष्टी मागते. शिक्षकांच्या प्रत्येक विषय-प्रशिक्षणात आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत ग्रंथपालाला बोलवावे. वेळापत्रकातील ग्रंथालयाची तासिका ही विषयशिक्षक आणि ग्रंथपाल या दोघांची संयुक्त तासिका मानावी आणि ती इतर कामासाठी वळवू नये. ‘समग्र शिक्षा’ या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेतून शाळांना पातळीनुसार दरवर्षी ५,००० ते २०,००० रुपयांच्या मर्यादेत ग्रंथालय अनुदान मिळते. त्या रकमेची पुस्तके शाळेने निवडावीत आणि निवडीत ग्रंथपालाचा, तो नसेल तिथे शिक्षकांचा, शब्द अंतिम असावा. वरून येणाऱ्या गठ्ठ्यात सगळ्या शाळांना सारखीच पुस्तके मिळतात. वेगळेपण जपायला सांगणाऱ्या विभागाने पुस्तके मात्र एकाच मापाची पाठवावीत, यातली विसंगती आपणही मान्य कराल.

याच्या जोडीला एक छोटा पण परिणामकारक निर्णय हवा. अनेक शाळांत पुस्तके कुलुपात राहतात, कारण हरवलेल्या पुस्तकाची वसुली आपल्याकडून होईल अशी धास्ती सांभाळणाऱ्याला असते. जे पुस्तक मुलांच्या हातात फिरते ते फाटणार, भिजणार, क्वचित हरवणारही. वार्षिक पडताळणीत ठरावीक प्रमाणापर्यंतची घट स्वाभाविक धरावी आणि फाटलेल्या पुस्तकांच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून कमी करण्याचा, अधिकार शाळेला द्यावा, असे स्पष्ट आदेश निघाले तर पहिल्याच महिन्यात कित्येक कपाटे उघडतील.

यानंतर पदाची मागणी. प्रत्येक प्राथमिक शाळेत ग्रंथपाल नेमणे आज शक्य नाही हे मी समजू शकते. पण एका केंद्राखालच्या दहा-बारा शाळांसाठी एक फिरता ग्रंथपाल नेमता येईल. त्याने ग्रंथपेट्या शाळाशाळांतून फिरवाव्यात, ज्या शाळेत एकच शिक्षक तीन-चार इयत्ता सांभाळतो तिथे आठवड्यातील एक दिवस बसावे, मागे पडलेल्या आणि पुढे गेलेल्या दोन्ही मुलांसाठी पुस्तके निवडून ठेवावीत, आणि केंद्रप्रमुखांना दर महिन्याला मुलांच्या वाचनाचा वृत्तान्त द्यावा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर, गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. शाळेत न येऊ शकणाऱ्या मुलाच्या वेळेप्रमाणे आणि जागेप्रमाणे शिक्षणाची घडी बदलण्याचा तो प्रयोग याच राज्यातला आहे. त्यामानाने पुस्तकांची पेटी घेऊन एका माणसाने दहा शाळा फिरणे ही फार मोठी गोष्ट नव्हे. डोंगरी, आदिवासी आणि ऊसतोड स्थलांतराचे प्रमाण जास्त असलेल्या काही तालुक्यांत हा प्रयोग दोन वर्षे करून पाहावा, आणि त्याचे मूल्यमापन परिषदेनेच करावे.

नवीन शैक्षणिक वर्षाच्या प्रशिक्षणांचे नियोजन उन्हाळ्याच्या सुटीत होते. त्या नियोजनाच्या बैठकीला निदान काही कार्यरत शालेय ग्रंथपालांना बोलवावे, अशी विनंती आहे. आम्ही देवघेव नोंदवह्या सोबत घेऊन येऊ, आणि कोणत्या इयत्तेतील मुले काय मागतात, काय परत करतात आणि काय मागूनही त्यांना मिळत नाही, ते आपल्यासमोर मांडू.

कळावे,

आपली विश्वासू,
एक शालेय ग्रंथपाल